पवनचक्कीच्या जनरेटरची कार्यक्षमता आणि नियंत्रण: तोटा नेमका कुठे होतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २ मेगावॉटच्या पवनचक्कीवर डीएफआयजी प्रकारचा, म्हणजे स्टेटर (स्थिर भाग) आणि रोटर (फिरता भाग) या दोन्हींमधून वीज वाहणारा जनरेटर बसवलेला आहे. ताशी वाऱ्याचे प्रमाण समाधानकारक असूनही ६ ते ९ मीटर प्रति सेकंद या मधल्या पट्ट्यात उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी येते. नामफलकावर जनरेटरची कार्यक्षमता ९६ टक्के लिहिलेली आहे. ती आणखी वाढवण्यासाठी जनरेटर पुन्हा गुंडाळून घ्यावा का, कंट्रोलरमध्ये कमाल शक्तीचा मागोवा घेणारी नवी पद्धत घालावी का, की सरळ कायम चुंबकाच्या जनरेटरकडे वळावे, असे आपण विचारले आहे. या तिन्ही पर्यायांचा विचार मी खाली केला आहे, पण ज्या क्रमाने आपण विचारले त्या क्रमाने नाही. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ जनरेटरच्या तांब्या-लोखंडात सापडत नाही. ते जनरेटरला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत किंवा त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाऱ्यात सापडते.

आधी त्या ९६ टक्क्यांविषयी. हा आकडा पूर्ण भारावरचा आहे आणि पवनचक्की पूर्ण भारावर वर्षातील थोडेच तास चालते. समजण्यासाठी सोयीचे आकडे गृहीत धरू. पूर्ण भारावर जनरेटरमध्ये एकूण ८० किलोवॉट वाया जातात; त्यांपैकी ३० किलोवॉट लोखंडातील हानी, बेअरिंगचे घर्षण आणि थंड करणारे पंखे यांत जातात, तर ५० किलोवॉट गुंडाळ्यांच्या तांब्यात. २,००० किलोवॉट बाहेर पडताना कार्यक्षमता ९६ टक्क्यांच्या किंचित वर येते. आता वारा पडला आणि उत्पादन ४०० किलोवॉटवर आले. विद्युतप्रवाह साधारण पाचपट घटला, म्हणून तांब्यातील हानी पंचवीसपट घटून २ किलोवॉट झाली; पण लोखंड, घर्षण आणि पंखे यांचे ३० किलोवॉट जागेवरच राहिले. म्हणजे ४०० किलोवॉटसाठी ३२ किलोवॉट खर्ची पडतात आणि कार्यक्षमता ९२.६ टक्क्यांवर येते. गिअरबॉक्सचेही तसेच आहे. पूर्ण भारावर प्रत्येक टप्प्याला साधारण एक टक्का हानी धरण्याची पद्धत आहे, पण तेल घुसळण्यात जाणारी शक्ती भारावर फारशी अवलंबून नसते, आणि थंड, घट्ट तेलात ती उलट वाढते.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जनरेटर पुन्हा गुंडाळून तांब्यातील हानी दहा टक्क्यांनी कमी केली, तर पूर्ण भारावर ५ किलोवॉट वाचतात आणि मधल्या वाऱ्यात किलोवॉटचा पाचवा हिस्सा. याउलट, भारावर अवलंबून नसलेल्या हानीतून ५ किलोवॉट कमी करता आले, तर यंत्र फिरत असलेल्या प्रत्येक तासाला ते ५ किलोवॉट हाती येतात. आपली तक्रार मधल्या वाऱ्याची आहे, म्हणून पुन्हा गुंडाळण्याचा पर्याय मी केवळ कार्यक्षमतेसाठी सुचवणार नाही. इन्सुलेशन खराब झाल्यामुळे ते काम करावेच लागणार असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही जुनी गुंडाळी जाळून काढताना तापमान हाताबाहेर गेले, तर पत्र्यांमधील इन्सुलेशन खराब होते, लोखंडातील हानी कायमची वाढते आणि तांब्यात जे मिळवले ते लोखंडात जाते.

मग ही स्थिर हानी कमी कशी करावी? डीएफआयजीमध्ये यासाठी एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे, तो म्हणजे कमी वाऱ्यात स्टेटरच्या तीन गुंडाळ्यांची जोडणी डेल्टा पद्धतीऐवजी स्टार पद्धतीने करणे. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीवरील व्होल्टेज सुमारे ५८ टक्क्यांवर येते, चुंबकीय प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो आणि लोखंडातील हानी जवळजवळ एक तृतीयांश होते. दुसरा लाभ याहून मोठा असतो, पण तो सहसा सांगितला जात नाही. रोटरवर निर्माण होणारे व्होल्टेज हे स्लिप (ग्रिडने ठरवलेला समकालिक वेग आणि रोटरचा वेग यांतला सापेक्ष फरक) आणि स्टेटरचे व्होल्टेज यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. रोटरकडील कन्व्हर्टरची, म्हणजे विजेची वारंवारता आणि व्होल्टेज बदलणाऱ्या उपकरणाची, व्होल्टेज देण्याची क्षमता मर्यादित असते, म्हणूनच ५० हर्ट्झच्या ग्रिडवरील चार ध्रुवांचा डीएफआयजी मिनिटाला साधारण १,००० फेऱ्यांच्या खाली नेता येत नाही. स्टारमध्ये गेल्यावर त्याच कन्व्हर्टरला अधिक स्लिप झेपते, म्हणून वारा कमी असताना पाती आणखी सावकाश, म्हणजे त्या वाऱ्याला साजेशा वेगाने फिरवता येतात. त्यामुळे जनरेटरमध्ये जे वाचते त्याहून जास्त पात्यांवर मिळते. या सोयीची किंमतही आहे. स्टारमध्ये यंत्राची शक्ती पेलण्याची क्षमता त्याच ५८ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जोडणी बदलताना स्टेटर क्षणभर ग्रिडपासून सोडवून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. बदलाच्या दोन सीमांमध्ये पुरेसे अंतर आणि वेळेची अट ठेवली नाही, तर झुळुकीसरशी जोडणी बदलणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, खटाखट उघडझाप करतात आणि वर्षभरात त्यांची टोके झिजून जातात. अशा यंत्रांत ही सोय मुळात असते पण बंद ठेवलेली असते असे पुष्कळदा आढळते, म्हणून आपल्या यंत्रात आधी ते तपासावे.

थंड करण्याच्या व्यवस्थेविषयी थोडेच सांगतो. पंखे आणि पंप भाराकडे न पाहता पूर्ण वेगाने चालत असतील तर त्यांना तापमानानुसार वेग बदलणारी चालना द्यावी. मात्र येथे काटकसर फार ताणू नये, कारण तापमानाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो. गुंडाळी २० अंशांवरून ८० अंशांवर गेली की त्याच प्रवाहाला जवळपास २४ टक्के जास्त हानी होते. म्हणून जाळ्या, फिल्टर आणि उष्णता काढून घेणारे पंखवजा पत्रे स्वच्छ असणे ही कार्यक्षमतेचीच बाब आहे, फक्त देखभालीची नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. उत्पादन कमी येते म्हणजे जनरेटरची कार्यक्षमता कमी आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते आणि त्यातील जास्तीत जास्त ५९.३ टक्के पात्यांना घेता येते, ही बेट्झची मर्यादा आपणास ठाऊक आहेच. चांगली आधुनिक पाती ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे या साखळीत सर्वांत मोठा चढउतार पात्यांपाशी होतो आणि तिथली लहानशी चूक जनरेटरमधल्या मोठ्या सुधारणेला गिळून टाकते. नॅसेल, म्हणजे मनोऱ्यावरची जनरेटर असलेली पेटी, वाऱ्याच्या दिशेपासून सतत १० अंश वळलेली राहिली, तर शक्ती ३ ते ४.५ टक्क्यांनी घटते, आणि नॅसेलवरील दिशादर्शक बदलताना तो काही अंशांनी तिरका बसणे ही रोजच्या कामात घडणारी चूक आहे. जनरेटरमध्ये ४ टक्के सुधारणा कोणत्याही खर्चात मिळणार नाही. दिशादर्शक सरळ करायला मात्र एक दुपार पुरते. त्याचप्रमाणे पात्यांची पुढची धार झिजली असेल, किंवा तीन पात्यांपैकी एकाचा शून्य अंश चुकीच्या ठिकाणी धरला गेला असेल, तर मधल्या वाऱ्यातच तूट दिसते, कारण पूर्ण भाराच्या वर पिच, म्हणजे पाती आपल्या अक्षाभोवती वळवणारी यंत्रणा, ती तूट झाकून टाकतो. आपण वर्णन केलेला ६ ते ९ मीटरचा पट्टा मला म्हणूनच आधी पात्यांकडे आणि टॉर्कच्या, म्हणजे जनरेटर शाफ्टवर देत असलेल्या पिळाच्या, वक्राकडे पाहायला लावतो.

हवेच्या घनतेचाही विचार येथेच करावा. समुद्रसपाटीला १५ अंशांवर ती घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते. ३५ अंशांवर ती सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते आणि १,००० मीटर उंचीवर प्रमाण वातावरणात सुमारे ९ टक्क्यांनी. उत्पादनाची तुलना कंपनीच्या प्रमाण वक्राशी करताना ही दुरुस्ती केली नसेल, तर निम्मी तक्रार कागदावरच विरून जाते.

आता टॉर्कचा वक्र. पूर्ण भाराच्या खाली नियंत्रकाचे काम एकच असते: पात्याच्या टोकाचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांचे गुणोत्तर, ज्याला पुढे टोकवेग-गुणोत्तर म्हणतो, ते त्या पात्यांसाठी सर्वोत्तम असलेल्या मूल्यावर ठेवणे. तीन पात्यांच्या चक्कीत हे मूल्य साधारण ७ ते ९ असते. त्यासाठी वाऱ्याचा वेग मोजून त्यानुसार फेरे ठरवावेत असे प्रथमदर्शनी वाटते. पण नॅसेलवरचा वेगमापक पात्यांच्या मागे, त्यांनीच ढवळलेल्या हवेत बसलेला असतो आणि शंभर मीटर व्यासाच्या वर्तुळावर पसरलेल्या वाऱ्याचे एका बिंदूवरचे मोजमाप नियंत्रणाच्या कामाचे नसते. म्हणून रूढ पद्धत अशी की जनरेटरचा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवायचा. प्रमाणाचा हा स्थिरांक हवेची घनता, त्रिज्येचा पाचवा घात आणि कमाल शक्ती-गुणांक (वाऱ्यातील शक्तीपैकी पात्यांनी घेतलेला हिस्सा) यांच्या गुणाकाराला टोकवेग-गुणोत्तराच्या घनाने भागून येतो. वारा वाढला की पाती वेग घेतात, टॉर्क वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि यंत्र आपोआप योग्य बिंदूवर जाऊन स्थिरावते. वारा न मोजता, पात्यांनाच वेगमापक बनवणारी ही पद्धत इतकी सोपी आहे की तिच्या चांगलेपणावर नवख्या अभियंत्याचा विश्वास बसत नाही.

एक ठोस उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय नूतनीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ मध्ये ५ मेगावॉटच्या एका संदर्भ-पवनचक्कीचा संपूर्ण तपशील प्रसिद्ध केला आणि जगभरात नियंत्रणाच्या अभ्यासासाठी तो आजही वापरला जातो. तिचा व्यास १२६ मीटर, पात्यांचे पूर्ण भारावरचे फेरे मिनिटाला १२.१, गिअरबॉक्सचे गुणोत्तर ९७ आणि सर्वोत्तम टोकवेग-गुणोत्तर ७.५५ आहे, त्या ठिकाणी शक्ती-गुणांक ०.४८२ येतो. या आकड्यांवरून स्थिरांक काढला आणि जनरेटरच्या पूर्ण फेऱ्यांना, म्हणजे सुमारे १,१७४ फेऱ्यांना, टॉर्क किती येतो ते पाहिले, तर तो ३५ किलोन्यूटन-मीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात पूर्ण भारासाठी लागतो तो ४३ किलोन्यूटन-मीटर. म्हणजे वर्गाचा वक्र पूर्ण भारापर्यंत पोहोचतच नाही. मधले अंतर भरण्यासाठी अरुंद वेगपट्ट्यात टॉर्क झपाट्याने चढवणारा एक दुवा ठेवावा लागतो. उत्पादनातील मधली तूट याच दुव्यात दडलेली असण्याची शक्यता मोठी असते. हा दुवा फार लवकर सुरू केला तर पाती सर्वोत्तम गुणोत्तरापासून ढळतात. फार उशिरा आणि उभट ठेवला तर टॉर्क आणि पिच एकमेकांशी झगडतात, आणि पूर्ण भार येण्याआधीच पिच पाती वळवू लागतो. आपल्या नोंदींमध्ये ९ ते ११ मीटरच्या वाऱ्यात पिचचा कोन शून्याच्या वर दिसत असेल, तर तिथे शक्ती अक्षरशः वाऱ्यावर सोडली जात आहे.

स्थिरांकाच्या अचूकतेविषयी मात्र फार बाऊ करू नये. तो २० टक्क्यांनी चुकला तरी टोकवेग-गुणोत्तर जेमतेम ६ टक्क्यांनी सरकते, आणि शक्ती-गुणांकाचा माथा सपाट असल्यामुळे स्थिर वाऱ्यात तोटा एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. पण चूक कोणत्या बाजूला आहे याला महत्त्व आहे. टॉर्क गरजेपेक्षा जास्त असला की पाती मंद होतात, हवेचा प्रवाह पात्याच्या पृष्ठभागापासून सुटू लागतो आणि त्या बाजूला वक्राचा उतार तीव्र असतो. शिवाय झुळूक आली की जड टॉर्कखाली पात्यांना वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणून गणिताने आलेल्या मूल्यापेक्षा स्थिरांक काहीसा कमी ठेवणे, विशेषतः खळबळीच्या वाऱ्यात, मला नेहमीच फायद्याचे दिसले आहे. घनतेनुसार तो आपोआप बदलेल अशी सोय कंट्रोलरमध्ये असते. तिला मिळणारे बाहेरच्या हवेचे तापमान खरोखर बाहेरच्या हवेचे आहे, की नॅसेलच्या गरम कोपऱ्यातले, एवढे पाहून घ्यावे.

आपण विचारलेली ‘मागोवा घेणारी’ पद्धत, म्हणजे फेरे थोडे बदलून पाहायचे, शक्ती वाढली तर त्याच दिशेने जायचे आणि घटली तर मागे फिरायचे, ही सौरपटलांवर उत्तम चालते. छोट्या, हलक्या पवनचक्क्यांवरही बऱ्यापैकी चालते. मोठ्या चक्कीवर ती फसते, आणि त्याचे कारण जडत्व आहे. वर दिलेल्या संदर्भ-पवनचक्कीच्या फिरत्या भागांत पूर्ण वेगाला सुमारे ३५ मेगाजूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे पूर्ण उत्पादनाच्या सहा-सात सेकंदांइतकी. फेरे किंचित उतरवले की ही साठलेली ऊर्जा ग्रिडमध्ये जाते आणि शक्ती वाढल्यासारखी दिसते. फेरे चढवले की उलट. त्यातच वारा स्वतः दर काही सेकंदांनी बदलतो. नियंत्रकाला आपल्या पावलाचा परिणाम कोणता आणि वाऱ्याचा कोणता, हे कळण्याचा मार्गच राहत नाही. याच कल्पनेचे संथ रूप उपयोगी पडते: तासांच्या किंवा दिवसांच्या सरासरीवरून टॉर्कचा स्थिरांक हळूहळू जुळवत नेणे. पाती झिजली किंवा मळली की त्यांचा सर्वोत्तम बिंदू सरकतो आणि असे संथ अनुकूलन तो पकडू शकते. तेव्हा नवी पद्धत घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला एवढेच विचारावे की ती किती सेकंदांच्या किंवा तासांच्या अंतराने निर्णय घेते.

डीएफआयजीच्या आतल्या नियंत्रणाकडे आता येऊ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडलेल्या सदिश नियंत्रणाचे तत्त्व येथेही तेच आहे: रोटरमधील प्रवाहाचे दोन घटक करायचे, एकाने टॉर्क आणि दुसऱ्याने चुंबकन व अभिक्रिय शक्ती (प्रत्यक्ष काम न करता यंत्र आणि ग्रिड यांच्यात ये-जा करणारी शक्ती) सांभाळायची. पवनचक्कीसाठीच्या डीएफआयजीवर ते दोन पाठीला पाठ लावलेल्या कन्व्हर्टरांनी कसे राबवायचे, याची पेना, क्लेअर आणि अॅशर या संशोधकांनी १९९६ मध्ये केलेली मांडणी पुढच्या बहुतेक कामाचा पाया ठरली. या रचनेचे सौंदर्य असे की कन्व्हर्टरमधून फक्त स्लिपच्या प्रमाणातली शक्ती जाते, त्यामुळे तो जनरेटरच्या २५ ते ३० टक्के क्षमतेचा पुरतो आणि त्याची हानीही त्याच प्रमाणात लहान राहते. पण कमी वाऱ्यात याच सौंदर्याची दुसरी बाजू दिसते. १,००० फेऱ्यांना स्लिप एक तृतीयांश असते. ग्रिडला ३०० किलोवॉट द्यायचे असतील, तर स्टेटरमधून ४५० बाहेर पडतात आणि १५० किलोवॉट दोन्ही कन्व्हर्टरांतून रोटरकडे परत जातात. बाहेर जे पोहोचते त्याच्या निम्मी शक्ती अशी आतल्या आत गरगरत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडी झिजते. स्टारची जोडणी केवळ लोखंडासाठी नाही असे मी वर म्हटले, पण तिच्याबरोबर वेग आणखी उतरला की आतल्या शक्तीचा हा फेराही वाढतो. म्हणून सर्वांत कमी फेरे कुठे थांबवायचे, हे पात्यांचा लाभ आणि हा फेरा यांचा मेळ घालून ठरवावे लागते. एक गोष्ट अशीच ध्यानात ठेवावी: समकालिक वेगाच्या, म्हणजे १,५०० फेऱ्यांच्या अगदी जवळ रोटरमधील वारंवारता शून्याकडे जाते, एकेक ट्रान्झिस्टर बराच वेळ सलग भार वाहतो आणि तापून-निवून थकतो. त्या अरुंद पट्ट्यात यंत्राने मुक्काम करू नये, तो झटकन ओलांडावा, असा नियम कंट्रोलरमध्ये असणे चांगले.

अभिक्रिय शक्तीचा विषय लोक ग्रिडचा मानतात. माझ्या मते तो जनरेटरच्या कार्यक्षमतेचा पहिला विषय आहे. एका ठिकाणी मला बोलावले ते एकसारख्या चक्क्यांपैकी एकीचे वाइंडिंग इतरांपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापते म्हणून. इन्सुलेशनच्या चाचण्या झाल्या होत्या, पंख्याची मोटार बदलली होती, जनरेटर खाली उतरवण्याची निविदा निघण्याच्या बेतात होती. मी दुपारभर कंट्रोलरच्या पडद्यासमोर बसलो. वारा पडलेला, सक्रिय शक्ती ४०० किलोवॉटच्या आसपास, आणि अभिक्रिय शक्ती साडेसहाशेच्या वर ठाण मांडून बसलेली. शेजारच्या चक्कीवर तोच आकडा शून्याजवळ होता. काही महिन्यांपूर्वी नियंत्रण कार्ड बदलले तेव्हा चाचणीसाठी घातलेले स्थिर मूल्य काढायचे राहून गेले होते. ४०० किलोवॉटच्या जागी यंत्र सुमारे ७७० किलोव्होल्ट-अँपिअर वाहत होते, म्हणजे स्टेटरच्या तांब्यात साडेतीन पटींहून जास्त हानी, आणि ती अभिक्रिय शक्ती रोटरच्या बाजूने पुरवली जात असल्याने रोटर व कन्व्हर्टर यांच्यावरही तेवढाच जाच. एक आकडा बदलला आणि दुसऱ्या दिवशी तापमान इतरांच्या बरोबरीला आले. जनरेटर जागेवरच राहिला.

ग्रिडला अभिक्रिय शक्ती द्यावीच लागते तेव्हाही ती कुठून द्यायची याची निवड आपल्या हाती असते. चुंबकनाचा प्रवाह रोटरने पुरवायचा की स्टेटरने ग्रिडकडून घ्यायचा, आणि ग्रिडकडील कन्व्हर्टरने किती भार उचलायचा, याचे वाटप भारानुसार बदलत ठेवले तर एकूण हानी कमी होते. कमी वाऱ्यात ग्रिडकडील कन्व्हर्टरची बरीच क्षमता मोकळी असते, त्याला ते काम देणे शहाणपणाचे ठरते. मात्र अशा सूक्ष्म जुळणीसाठी यंत्राचे रोध आणि प्रेरकत्व कंट्रोलरला नीट ठाऊक असावे लागतात. कारखान्यातून आलेली मूल्ये गरम यंत्रावर खरी उतरत नाहीत.

रोटरचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरविषयी इशारा देतो, कारण तो फसवा असतो. रोटरच्या कोनात चूक झाली की टॉर्क आणि अभिक्रिय शक्ती यांचे घटक एकमेकांत मिसळतात. चार ध्रुवांच्या यंत्रात कपलिंग ५ अंशांनी सरकले तर विद्युत कोन १० अंशांनी चुकतो. स्थिर स्थितीत बाहेरचे नियंत्रण-लूप ही चूक भरून काढतात, त्यामुळे शक्तीच्या आकड्यात काहीच दिसत नाही; दिसते ते झुळुकीच्या वेळी, जेव्हा टॉर्क वाढवताच अभिक्रिय शक्ती उगाच उसळी घेते. अशी उसळी दिसली की सॉफ्टवेअरवर शंका घेण्याआधी एन्कोडरचे कपलिंग हाताने हलवून पाहावे. सोबत स्लिप रिंगच्या, म्हणजे फिरत्या रोटरशी वीज जोडणाऱ्या कड्यांच्या, डब्यातील कार्बनची धूळ आणि शाफ्टला जमिनीशी जोडणारा ब्रशही पाहावा; तो झिजला की कन्व्हर्टरमुळे शाफ्टवर येणारे व्होल्टेज बेअरिंगमधून वाट काढते आणि बेअरिंगच्या पट्ट्यावर उभ्या रेघा उमटतात.

पूर्ण भाराच्या वरच्या नियंत्रणाबद्दल फार लिहीत नाही, कारण आपली तूट तिथली नाही. पिचचा कोन वाढत जातो तशी दर अंशाला घटणारी शक्तीही वाढत जाते, म्हणून नियंत्रकाचा गुणांक कोनानुसार कमी करत न्यावा लागतो; आणि शक्ती काटेकोर स्थिर ठेवण्याचा आग्रह धरला, तर फेरे वाढताच टॉर्क कमी होऊन शाफ्टचे दोलन वाढते, एवढे पुरे. शाफ्टच्या पिळाच्या दोलनावर जनरेटरच्या टॉर्कमधून लहानसा प्रतिकार देणारा फिल्टर मात्र असलाच पाहिजे. त्याने उत्पादन वाढत नाही, गिअरबॉक्स वाचतो.

ग्रिडच्या बाजूने एकच सावधगिरी. प्रवाहाचे लूप झटपट करण्याच्या नादात त्यांचे गुणांक वाढवण्याआधी जोडलेली वाहिनी कशी आहे ते विचारावे. २००९ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये काही डीएफआयजी चक्क्या अचानक मालिका-कॅपॅसिटर असलेल्या वाहिनीच्या टोकाशी एकट्या उरल्या आणि त्यांच्या रोटर-नियंत्रणाने कमी वारंवारतेचे दोलन शमवण्याऐवजी वाढवले. चक्क्यांच्या संरक्षक क्रोबार मंडलांचे नुकसान झाले. जलद लूप अशा वाहिनीवर ऋण रोधासारखा वागतो.

राहिला कायम चुंबकाच्या जनरेटरचा प्रश्न. चुंबकनासाठी प्रवाह लागत नाही, रोटरमध्ये तांब्याची हानी नाही, स्लिप रिंग नाहीत. मधल्या वाऱ्यात त्याची कार्यक्षमता खरोखरच जास्त असते. परंतु त्याला संपूर्ण शक्ती वाहणारा कन्व्हर्टर लागतो, आणि डीएफआयजीमध्ये ज्या कन्व्हर्टरमधून तिसरा हिस्सा जात होता तिथून आता सगळेच जाते. त्या हानीनंतर उरणारा फायदा एक-दोन टक्क्यांच्या आसपासचा असतो. चुंबकही तापमानाला कोमल असतात. निओडिमियमच्या चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे ०.११ टक्का घटते. ६० अंशांची वाढ झाली तर तोच टॉर्क मिळवायला सुमारे ७ टक्के जास्त प्रवाह लागतो, आणि तापलेल्या तांब्याचा रोध त्यात मिळवला तर गुंडाळीतील हानी ४० टक्क्यांनी वाढते. नव्या चक्कीची निवड करताना मी या प्रकाराच्या बाजूने झुकेन. चालत्या डीएफआयजीला काढून त्याच्या जागी हा बसवणे, म्हणजे जनरेटर, कन्व्हर्टर, केबल आणि नियंत्रण सारेच बदलणे, हे मधल्या वाऱ्यातील तुटीवरचे उत्तर नाही.

यांपैकी जे काही आपण कराल, त्याचा परिणाम मोजताना नॅसेलवरच्या वेगमापकावर विसंबू नका. टॉर्कचा वक्र बदलला की पात्यांमागील हवेचा वेगही बदलतो, आणि तोच मापक नव्या स्थितीत वेगळे आकडे देतो. सुधारणा नसताना दिसते किंवा असून दिसत नाही. शेजारची, हात न लावलेली चक्की तुलनेसाठी घ्यावी, आणि बदललेल्या चक्कीवर जुनी व नवी मांडणी ठरावीक तासांनी आलटून-पालटून चालवावी, म्हणजे ऋतू, घनता आणि वाऱ्याची दिशा दोन्हींच्या वाट्याला सारखी येते. दहा मिनिटांच्या सरासरी घेऊन अर्ध्या मीटरच्या वेगपट्ट्यांत त्या वाटाव्यात, पिच वळलेला किंवा भार मुद्दाम कमी केलेला काळ वगळावा. एका टक्क्याचा फरक खात्रीने दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्याचा आलेख कितीही सुंदर आला तरी तो पुढे पाठवण्याची घाई करू नये. आपण सुरुवात दिशादर्शक, पिचचे शून्य आणि अभिक्रिय शक्तीच्या नोंदी यांपासून करावी. त्या तीन गोष्टींचे ६ ते ९ मीटरच्या पट्ट्यातील आकडे हाती आले की टॉर्कच्या वक्राला हात लावायचा की नाही, हे ठरवता येईल.